कांदा

कांदा अजून माझ्याकडेच आहे.

परवा सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मी बागेत पोचलो. मे महिना, नागपूर आणि माझं वजन. याहून जास्त प्रस्तावना नको. डॉक्टरांनी रोज ४० मिनिटं चालायला सांगितलंय. कधी, ते विचारायचं राहून गेलं. पुण्याचा मेव्हणा म्हणाला, "सहाला निघ, मस्त गार असतं." असेल! त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी, साडेपाचलाच आमच्याकडे सूर्य उगवलेला असतो. घड्याळ तेवढं दोघांचं एक.

दोन चकरांत जीव घशाशी आला. बाकावर टेकलो. शेजारी सत्तरीचे एक काका बसले होते. डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, उघडा फक्त चष्मा.

"दुपारच्या टायमाले चालत नसते जी," चष्मा म्हणाला.

"काका, सहा पंचवीस झालेत."

"तेच तं. सगळ्यात कमी तापमान सूर्य उगवायच्या टायमाले राहाते. रात्रभर जमीन गरमी सोडून राहिली ना. साडेचारले यायचं."

साडेचारला! कूलर रात्रभर गरम वाफा ओकून पहाटे चारला कुठे शुद्धीवर येतो. आमच्या घरात झोप म्हणतात ती चार ते सहा. तीच यांना हवी.

"संध्याकाळी आलो तर?"

"रस्ता भाजते. सिमेंट दिवसभर ऊन पिते, अन् संध्याकाळी तुमच्या अंगावर ओकते."

"जेवण झाल्यावर, दहाला?"

"कुत्रे."

"साडेचारला नसतात?"

"राहातात. पण झोपेल राहातात."

मग त्यांनी हास्य क्लबाला हाक मारली. "या जी, पाहा! हे असं लाल होते तोंड. यायले अजून घाम येऊन राहिला, म्हणून ठीक आहे. घाम बंद झाला का समजा गेला." आठ माणसं गोल करून मला बघत होती. एका काकूंनी तर कपाळाला हातही लावून पाहिला. हास्य क्लब असून एकही जण हसला नाही, हे जास्त लागलं.

शेवटी काकांनी बंडीच्या खिशातून कांदा काढला. "ठेवा खिशात. लू लागत नाही. पण आणून द्या जी, घरी मोजून राहातात."

खिशातल्या कांद्याने उष्माघात टळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आठ जणांसमोर बोलणार कोण? त्यात माझ्या नव्या ट्रॅकपँटला खिसाच नाही. १४०० रुपये घेतात आणि खिसा देत नाहीत. किल्ली दातात धरायची का माणसाने? तर कांदा हातात घेऊन भर रस्त्याने घरी आलो. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने विचारलंच, "एकच घेतला? कितीले देल्ला?"

याच रस्त्यावर पूर्वी कडुनिंब होते. रुंदीकरणात सहा गेले. बदल्यात लोखंडी जाळीत एकेक काडी लावलीय. जाळीवरचं नगरसेवकाचं नाव लांबून वाचता येतं, काडी कशाची ते जवळ जाऊनही कळत नाही. तेव्हा दुपारी दोनला चाललं तरी डोक्यावर काहीतरी होतं. आता त्याच रस्त्यावर दुपारी दोनला गिट्टी टाकणारी माणसं असतात. त्यांना कोणती वेळ सोयीची, ते विचारायला चष्मा येत नाही.

असो. आज ४ वाजून २० मिनिटांनी उठलो, कांदा घेतला, गेलो. गेटला कुलूप. पाटीवर लिहिलेलं, 'वेळ ५ ते ९'. चौकीदार झोपलेला, कुत्रे मात्र सगळे जागे, आणि माझ्याकडेच बघत.

आतून पांढरा दुपट्टा झपाझप आला. "पाच मिनिटं लेट झाले जी! मागून या, तिकडची भिंत ठेंगणी आहे. चढून या."

भिंत चढायला दोन हात लागतात. माझ्या एका हातात कांदा होता.