जोडवी साबण लावून काढावी लागली!

लेख छान आहे, पण 'पहिलं सिझर असेल तर दुसरंही सिझरच' हे एका ओळीत उरकलंय ते पटलं नाही.

माझी दुसरी वेळ, 34वा आठवडा चालू आहे. पहिल्या खेपेला उलट्यांनी जीव नकोसा केला होता. यंदा उलट्या नाहीत, पण पाय असे सुजले की जोडवी साबण लावून काढावी लागली. बीपी लगेच तपासून घेतलं, नॉर्मल आहे. (सुजेबरोबर डोकं ठणकत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर 'असं होतंच' म्हणून घरी बसू नका गं.)

पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं. आता डोकं खाली आहे, मधे चार वर्षं गेलीत, आणि गर्भाशयावरचा छेद खालच्या बाजूला आडवा आहे. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून खात्री केली. अशांपैकी ज्या प्रयत्न करतात, त्यातल्या 100 पैकी 70-75 जणींची नॉर्मल होते. जुना टाका उसवायची शक्यता साधारण 200 मध्ये एक. ती एक मीही असू शकते, म्हणून रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल असंच हॉस्पिटल धरलंय. आधीच्या डॉक्टरबाई 'रिस्क कशाला, तारीख काढू' एवढंच म्हणाल्या. सासूबाईंनी तर मुहूर्तही बघून ठेवलाय!

कुणाची सिझरनंतर नॉर्मल झालीय का? कळा सुरू झाल्यावर किती वेळ वाट बघू दिली?