फाईल सांभाळा, पोर आपोआप मोठं होतं

तुमचं पोर दीड वर्षाचं झालं आणि नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, खळ्यात एकटंच बसून माडाच्या झावळांची हलणारी सावली तासन्तास बघतं, असं असेल तर अभिनंदन, तुम्हाला नोकरी लागलीय. पगार नाही, रजा नाही, पण हुद्दा मोठा आहे, समन्वयक. ऑर्डर कोणी देत नाही, आपणच समजून घ्यायची असते. मी बरीच वर्षं ह्या पोस्टवर आहे, सिनियॉरिटीने चार गोष्टी सांगते, तळकोकणातल्या समस्त नव्या आयांनी लिहून घ्या.

पहिलं म्हणजे थांबा. घाई कसली? आमच्या सासूबाई म्हणाल्या, "तेचो बापूस पण चार वर्साचो होईसर बोलाक नाय हुतो. वायच दम धर गो." बापूस तेव्हा बाजूलाच बसलेला आणि नेहमीप्रमाणे काही बोलत नव्हता, त्यामुळे पुरावा भक्कम होता. शेजारच्या काकी म्हणाल्या मुलगे उशिराच बोलतात, मुंबईच्या नणंदेने फोनवर निदान केलं की मोबाईल काढून घ्या, देवळात कौल लावला तर उजवा आला, गावातले डॉक्टर म्हणाले तीन वर्षांपर्यंत वाट बघू. सगळे एकमताने एकच सांगत होते, आणि समन्वय समन्वय म्हणतात तो मला त्यानंतर इतका कुठेच बघायला मिळाला नाही.

खरं तर लसीकरणाचं जे कार्ड मिळतं ना, त्याच्या आतल्या पानांवर चित्रं आहेत, कितव्या महिन्यात बाळ हसायला पाहिजे, कधी बसायला पाहिजे, कधी शब्द यायला पाहिजेत. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून "पाणी दे" एवढं तरी यायला हवं. पण ती पानं कशाला बघायची, आपण सुईच्या तारखा बघाव्यात आणि कार्ड परत पिशवीत टाकावं. मेंदूची सगळ्यात जोरात वाढ पहिल्या तीन वर्षांत होते म्हणतात, होऊ दे, आपण काय तिला अडवलंय का.

तर पोरांच्या तपासणीची सरकारी योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली ती कुठे माहितीय? पालघरला! म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर. इथून सुरू झाली आणि देशभर गेली, थोडक्यात हापूससारखं झालं, पेट्या बाहेर गेल्या आणि आपल्याला पाडाला पडलेला डागी. योजना चांगली आहे हो, उगाच नाव ठेवत नाही. दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्स असं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि जन्मतःचं व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर ह्या चारी गोष्टी तपासतं. तुम्ही फक्त त्या दिवशी पोराला आजोळी न्यायचं. आम्ही पहिल्या खेपेला तेच केलं. दुसऱ्या खेपेला पोर हजर होतं, डॉक्टरांनी प्रेमाने विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?" आणि ते पुढे काही होण्याच्या आत मी त्याचं नाव खणखणीत सांगून टाकलं. वय सांगितलं, "लाजतो जरा" पण सांगितलं. उच्चार माझे चांगलेच आहेत, तपासणीत पास झालो आम्ही. बाहेर पन्नास पोरं रांगेत होती, ते तरी किती वेळ वाट बघणार.

अंगणवाडीच्या ताईंना मात्र काही बोलू नका. त्यांच्याकडे खिचडी आहे, लसीकरणाचा दिवस आहे, पोरांची वजनं आहेत, आणि आता मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर आहे ज्याला वाडीत रेंज नाही म्हणून त्या टेकाडावर काजूच्या झाडाखाली उभ्या राहून वजनं भरतात. वजन भरलं की सगळं भरलं. पोराला शब्द किती येतात हे काट्यावर दिसत नाही.

मग कधीतरी कोणीतरी चिठ्ठी देतं, जिल्ह्याला जा. तिथे लहान मुलांसाठी लवकर उपचाराचं केंद्र असतं आणि कागदावर त्यात बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कानाचे आणि स्पीचचे, सायकॉलॉजिस्ट, डोळ्यांचे, दातांचे, स्पेशल एज्युकेटर, सोशल वर्कर आणि ह्या सगळ्यांची मोट बांधायला एक मॅनेजरसुद्धा आहे. सगळं एका छताखाली ही कल्पना मला मनापासून आवडते, ही ओळ उपरोधाची नाही. आम्ही ज्या केंद्रात गेलो तिथे छत होतंच. फिजिओ सोमवारी, स्पीचच्या मॅडम महिन्यातून दोनदा कारण त्यांच्याकडे आणखी एक जिल्हा, सायकॉलॉजिस्टचं पद भरायचं होतं, आणि मॅनेजर मीटिंगला गेले होते. मीटिंग कसली म्हणून विचारलं. समन्वयाची.

एक समजून घ्या, पोराकडे बघायची पद्धत बाजारातल्या सुरमईसारखी आहे. कोलीण कशी तुकडे करून वाटे लावते, तसं कान एकाकडे, पाय एकाकडे, जीभ तिसऱ्याकडे, डोकं चौथ्याकडे, आणि प्रत्येकजण आपापला तुकडा अगदी मन लावून बघतो, कामात खोट नाही कोणाच्या. संध्याकाळी सगळे तुकडे पिशवीत घालून घरी न्यायचे आणि परत सुरमई जोडून ती पोहवून दाखवायची, एवढंच तुमचं काम.

उदाहरणार्थ बेरा टेस्ट. पोर बोलत नाही म्हणजे आधी ऐकू येतंय का बघायला पाहिजे, हे बरोबरच आहे, आणि त्या टेस्टला पोर गाढ झोपलेलं लागतं, डोक्याला वायरी लावून कानात आवाज सोडतात. आता आमची गाडी पहाटे साडेपाचची. एसटीत बसल्यावर लहान पोर काय करतं? झोपतं. तीन तास, घाटीची वळणं, खड्डे, कंडक्टरची घंटा, काही म्हणजे काही त्याला उठवू शकलं नाही. दहाला टेस्टच्या खोलीत पोचलो तेव्हा पोर फुललेल्या अबोलीसारखं टवटवीत. झोपेचं औषध दिलं, ते थुंकलं. परत दिलं, अर्धं गेलं. साडेबाराला डोळे मिटायला लागले तर मॅडमची जेवणाची सुट्टी, दीडला त्या आल्या तर लाईट गेली. पुढची तारीख एक महिन्याने. पुढच्या वेळी मी शहाणी झाले, अख्खी रात्र पोराला जागं ठेवलं, गाडीत त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिले, मागच्या सीटवरच्या आजोबांनी मला राक्षशीण म्हटलं, आणि टेस्ट झाली. कान उत्तम. म्हणजे इतकी वर्षं तो सगळं ऐकत होता, सासूबाई आणि माझं जे काय चालायचं ते पण.

कान झाले की मग होमवर्क. फिजिओ सांगतात रोज अर्धा तास व्यायाम, ओटीवाले, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, सांगतात रोज अर्धा तास झोका आणि वाळूत हात, स्पीचच्या मॅडम सांगतात खाऊचा डबा त्याला दिसेल पण उघडता येणार नाही असा ठेवा आणि तो मागेपर्यंत मनात दहा आकडे मोजत गप्प थांबा, स्पेशल एज्युकेटर सांगतात रोज एक तास टेबलावर बसवा. हे गप्प थांबणं आहे ना, ते खरंच लागू पडतं, आमच्याकडे पोराने पहिल्यांदा माझा हात धरून डब्याकडे नेला तो त्यानेच. फक्त आठव्या आकड्याला आजी मागून येऊन डबा उघडून देते हे त्या मॅडमना कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाचा अर्धा-एक तास योग्यच असतो, बेरीज करायला कोणी नसतं, आणि त्यात मासळी साफ करणं, विहिरीवर जाणं, दुसरं पोर, आंब्याचा सीझन हे कुठल्याच फॉर्मवर नाही.

निदान आमचं चौथ्या वर्षी मुंबईला झालं. तुतारी एक्स्प्रेसने रात्र काढून सकाळी दादरला उतरलो आणि दुपारपर्यंत ऑटिझम हा शब्द घेऊन परत प्लॅटफॉर्मवर. आमचे हे तेव्हाही काही बोलले नाहीत, फक्त वडापाव आणायला गेले आणि अर्धा तास आलेच नाहीत.

आता दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, त्यात ऑटिझम आहे, चांगली गोष्ट आहे. पण मोठ्या सवलतींना दिव्यांगत्वाचे ४० टक्के लागतात. दहावीला ३५ ला पास करतात, इथे ४० ची अट, म्हणजे बोर्ड इथलं जास्त कडक. पोराचं डॉक्टरांच्या बोर्डासमोर प्रदर्शन जितकं वाईट तितकं तुमचं भलं, त्यामुळे आदल्या दिवशी थेरपी अजिबात करू नका, नाहीतर नेमका डॉक्टरांकडे बघून हसायचा मेला. थेरपीने पोर सुधारलं तर टक्के उतरणार, टक्के उतरले तर ज्या सवलतीच्या जिवावर थेरपी चालू होती ती जाणार, मग थेरपी बंद, मग टक्के परत वर. चक्र बघा कसं छान बसवलंय. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चसुद्धा त्यात बसतो, पण त्यालाही आधी सर्टिफिकेट, आणि लहान मुलाला ते तात्पुरतंच मिळतं, मुदत संपली की परत पहिल्यापासून.

म्हणून सांगते, सगळ्यात आधी चांगली फाईल घ्या. चेनवाली, प्लास्टिकची. आपल्याकडे आषाढात भिंतीला शेवाळ येतं तिथे कागदाची काय कथा, आमचा पहिला रिपोर्ट वाळवीने वाचून संपवला. चुलीच्या वर माळ्यावर ठेवा, धुराने पिवळी पडेल पण टिकेल. हौसेने लॅमिनेट करू नका, चालत नाही. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स, कारण एका टेबलावर दिलेला कागद बाजूच्या टेबलावर जात नाही, मध्ये खाडी आहे आणि होडी सुटलेली नाही.

प्रवासाचं मात्र सुख आहे. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत. आता पाच वर्षांखालच्या पोराला एसटीत मुळात तिकीटच नसतं, म्हणजे ज्या वयात सगळ्यात जास्त फेऱ्या होतात त्या वयात ही सवलत वापरायचा योगच येत नाही. शाळेचंही तसंच, शिक्षणाचा हक्क सुरू होतो सहाव्या वर्षी. मेंदूने एवढी सहा वर्षं जरा कळ काढायला काय हरकत आहे?

हे सगळं करून थकलात तर शेवटी गाऱ्हाणं आहेच. आमच्या काकांनी देवळात घातलं होतं, मी शब्द जसेच्या तसे देते, "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा महाराजा, आज ह्या लेकराची फाईल जी काय खंयच्या टेबलाखाली अडाकली आसात, ती भायर काढ रे महाराजा! व्हय महाराजा! जो कोण सायब रजेर गेलो आसात, तेका सुबुद्धी दिवन जाग्यार बसव रे महाराजा! व्हय महाराजा!" पंधरा दिवसांत फाईल सापडली. आता ह्यावर मी काय बोलू.

मध्ये एकदा मला पालक प्रतिनिधी म्हणून बैठकीला बोलावलं. आरोग्य, महिला बालविकास, शिक्षण, समाजकल्याण, चारी खाती एका टेबलाला. पहिली वीस मिनिटं एकमेकांची ओळख करून घेण्यात गेली, कार्यालयं एकाच आवारात होती. मग प्रत्येकाने आपल्याकडची मुलांची यादी वाचली. माझा मुलगा तीन याद्यांत होता, तीन वेगवेगळ्या वयांचा, एकीत मुलगी. वेफर्स चांगले होते. निर्णय झाला की नवीन फॉर्म काढायचा.

पोर शेवटी बोललं ते पाचव्या वाढदिवसानंतर महिनाभराने. मी माळ्यावरून फाईल खाली काढली, त्याने स्वतःहून जाऊन चपला घातल्या, दाराकडे बोट केलं आणि म्हणाला, "येष्टी." स्पष्ट. मी फाईल हातात धरून खाली बसले. सासूबाई म्हणाल्या, "सांगललंय मां तुका, बोलतलो म्हणान." काका म्हणाले गाऱ्हाणं लागलं, स्पीचच्या मॅडम म्हणाल्या डबा, फिजिओ म्हणाले पाठ सरळ झाली की आवाज फुटतोच, नणंद म्हणाली मोबाईल काढून घेतलात ना. आमचे हे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी स्टॉपवर आम्हाला सोडायला आले.

गाडीत चढल्यावर मी कंडक्टरला सगळं सांगितलं, सांगायला दुसरं कोणी नव्हतंच. त्याने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पाच पूर्ण का?" मी ऐटीत सर्टिफिकेट काढून दिलं. त्याने उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. "ताई, ह्याची मुदत गेल्या महिन्यात संपली. हाफ काढावी लागेल."