परवान्याआधी वही

लग्नसराईत कुठे नवरीच्या पापण्या सुजल्या, गालावर चट्टे उठले, की मायदेशी एक मागणी हमखास होते. मेकअप आर्टिस्टना परवाना सक्तीचा करा. चार दिवसांचा क्लास करून, भिंतीवर सर्टिफिकेट लावून कुणीही ब्रश हातात घेतं, ते बंद करा. मागणीमागची कळकळ खरी आहे. पण ब्रिटनमधून या व्यवसायाकडे पाहताना मला हे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ वाटतं.

कारण इथे इंग्लंडमध्ये साध्या मेकअपला परवाना लागतच नाही. सुई त्वचेत शिरते तेव्हा गोष्ट वेगळी. भुवयांचं मायक्रोब्लेडिंग किंवा ओठांचं टिकाऊ रंगकाम करायचं तर १९८२ च्या कायद्याखाली स्थानिक कौन्सिल नोंदणी मागते. वेल्समध्ये नोव्हेंबर २०२४ पासून अशा कामाला थेट परवानाच लागतो. पण फाउंडेशन, काजळ, खोट्या पापण्या आणि केसांना गरम रॉड, एवढंच करणारीला कुणी परवाना विचारत नाही.

तिला बांधून ठेवतो तो १९७४ चा आरोग्य आणि सुरक्षा कायदा. त्याचं तिसरं कलम म्हणतं की तुम्ही एकट्याने स्वतःचा धंदा करत असलात, तरी तुमच्या कामामुळे दुसऱ्याच्या जिवाला आणि आरोग्याला धोका होणार नाही हे पाहणं तुमचं कर्तव्य आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये यात सूट आली. ज्यांच्या कामातून इतरांना काहीच धोका नाही, असे एकटे काम करणारे त्यातून सुटले. घरी बसून अनुवाद करणारा सुटला. लोकांच्या डोळ्यांजवळ गोंद आणि कपाळाजवळ २०० अंशांचा रॉड नेणारी सुटत नाही.

कायद्याने तिला काही लिहून ठेवण्याची सक्तीसुद्धा नाही. धोक्यांची लेखी नोंद पाच किंवा जास्त माणसं कामाला असतील तरच बंधनकारक असते. तरीही इथल्या जाणत्या आर्टिस्ट लिहितात, कारण दावा आला की विमा कंपनी पहिल्यांदा कागद मागते. पॅच टेस्ट (वस्तूचा ठिपका आधी त्वचेवर लावून ॲलर्जी तपासणं) कधी केली, कोणत्या बाटलीतून केली, ग्राहकाने कोणती ॲलर्जी सांगितली होती? कागद नसेल तर भरपाई अडते. साडी नेसवायला किंवा केसांना मदतनीस पगारावर घेतली, तर किमान ५० लाख पौंडांचा मालक-दायित्व विमा सक्तीचा होतो, आणि तो नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. उलट जे कायद्यात नाही, ते मात्र सगळ्या छातीठोकपणे सांगतात: विजेच्या उपकरणांची दर वर्षी चाचणी करून स्टिकर लावणं सक्तीचं आहे म्हणे. तसं नाही. उपकरण सुरक्षित स्थितीत ठेवा, एवढंच १९८९ चे नियम सांगतात. दर वापराआधी वायर, प्लग आणि रॉडच्या मानेपाशी वायर चिरली आहे का हे डोळ्यांनी बघणं त्या वार्षिक स्टिकरपेक्षा जास्त उपयोगाचं असतं.

मायदेशी चित्र काय? २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम वस्तू बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर नजर ठेवतात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नको, धंदा सुरू केल्याची फक्त सूचना द्या म्हणतो. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिताही मुख्यतः दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांकडे बघते. म्हणजे डबी कारखान्यातून दुकानात येईपर्यंत कायदा सोबत असतो, आणि डबी उघडून बोट आत गेलं की तो मागे राहतो. आपल्याकडे या धंद्याबद्दलचा मोठा वाद झाला तो ब्रश कुणी धरायचा यावर. मुंबईच्या चित्रपट व्यवसायातल्या संघटनेने बायकांना केशरचनेपुरतं ठेवून मेकअप आर्टिस्टचं सदस्यत्व कार्ड नाकारलं होतं. चारू खुराना या मेकअप आर्टिस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ते मोडून काढलं. तो निकाल अगदी योग्य होता. पण तो ब्रश धुतला कसा जातो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही आणि परवान्याच्या मागणीतही कुणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की परवान्याआधी वही हवी. दोनशे पानी साधी वही चालेल. प्रत्येक ग्राहकामागे एक पान: तारीख, ॲलर्जी, डोळ्यांचे किंवा त्वचेचे आजार, चालू औषधं, लेन्स आहेत का, पॅच टेस्ट कधी आणि कशाची, वापरलेल्या मुख्य वस्तूंचे बॅच क्रमांक, सही. पान भरायला पाच मिनिटं लागतात. आणि हे प्रश्न विचारायचे म्हटलं, की त्यामागचं काम आपोआप करावं लागतं.

पॅच टेस्टचंच घ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. खोट्या पापण्यांच्या गोंदात लॅटेक्स असेल तर एक प्रकारची ॲलर्जी काही मिनिटांत उठते. पण गोंद, रंग आणि सुगंध यांची जी ॲलर्जी जास्त दिसते, ती उशिरा येते, ४८ ते ७२ तासांनी. त्यामुळे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मनगटावर थेंब लावून ‘काही झालं नाही’ म्हणणं ही टेस्टच नव्हे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, २४ तासांनी एकदा, ४८ तासांनी पुन्हा पाहणं आणि ७२ तासांपर्यंत लक्ष ठेवणं. याहून उत्तम म्हणजे दोन आठवडे आधीची ट्रायल, आणि ट्रायलला जी बाटली उघडली तीच लग्नाच्या दिवशी. मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल, हाही भ्रम. ॲलर्जी बहुधा पुन्हा पुन्हा लावूनच तयार होते. हळद लागल्यावर, चोळून लाल झालेल्या त्वचेवर टेस्ट घेऊ नये. जळजळ हळदीची की प्रायमरची, कळणार नाही.

इथल्या छापील फॉर्मांत आपल्या दोन गोष्टी नसतात, त्या परदेशातल्या मराठी आर्टिस्टनी हाताने घालाव्यात. पहिली टिकली. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल या रसायनाने काही जणींच्या कपाळावर कोडासारखा पांढरा डाग पडतो. ‘टिकलीने कधी खाज आली का?’ हा एक प्रश्न त्या बाईचा गोंदाशी असलेला सगळा इतिहास उघडतो. दुसरी काळी मेंदी. खरी मेंदी तासाभरात काळी होत नाही. जी होते तिच्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या रंगातलं रसायन मिसळलेलं असतं. ब्रिटन आणि युरोपात ते त्वचेवर वापरायला बंदी आहे, फक्त केसांच्या रंगात जास्तीत जास्त २ टक्के चालतं. मेंदीच्या रात्री लावली की फोड नेमके लग्नाच्या दिवशी वर येतात, आणि त्या मुलीला पुढे केस रंगवतानाही त्रास होऊ शकतो.

आता स्वच्छता. क्रीम, लिपस्टिक, जेल लायनर डबीतून थेट चेहऱ्यावर जाता कामा नये. स्टीलच्या पट्टीने स्टीलच्या पॅलेटवर काढायचं, तिथून ब्रशने घ्यायचं, आणि तोंडाला लागलेला ब्रश परत डबीत नाही. मस्काराची कांडी एकदाच बुडवायची. दुसऱ्या डोळ्याला नवी कांडी. लाकडी काजळ पेन्सिल प्रत्येकीच्या आधी आणि नंतर तासायची, टोक अल्कोहोलने पुसायचं, आणि शार्पनरही, कारण पहिलीच्या डोळ्यातलं त्याच्या पात्यावर बसून दुसरीच्या पेन्सिलीला लागतं. स्पंज एका चेहऱ्याला एक. बाहेरून वाळलेला दिसला तरी आत ओला राहतो आणि त्या ओलीत जंतू वाढतात.

ब्रशवर नुसता अल्कोहोलचा फवारा मारणं ही सगळ्यात मोठी पळवाट. तेल आणि फाउंडेशनच्या थराखाली अल्कोहोल पोहोचतच नाही. आधी साबणाने कोमट पाण्यात फेस स्वच्छ येईपर्यंत धुवायचा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग आडवा किंवा केस खाली करून वाळवायचा. उभा ठेवला तर पाणी धातूच्या गळपट्टीत उतरतं, गोंद सुटतो, केस गळतात आणि आत ओल राहते. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असं वाटतं, पण ते फार लवकर उडून जातं. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं. ९९ टक्क्यांच्या ७० मिलीत ३० मिली डिस्टिल्ड पाणी घातलं की काम भागलं. बाटली रॉडपासून लांब, कारण ते पेट घेतं.

आणि डोळे आलेले असतील तर डोळ्यांचा मेकअप नाही, नवरी असली तरी. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात साथ पसरली ती आठवा. अशा साथीतले ॲडेनोव्हायरससारखे विषाणू अल्कोहोलला पुरेसे दाद देत नाहीत. नकळत काम होऊन गेलं असेल, तर डोळ्यांना लागलेलं जे जे उकळता येत नाही ते टाकून द्यायचं. तोंडावर नागिणीसारखे बारीक फोड, पिकलेली पुळी, नायटा दिसला तरी तो भाग सोडायचा. पैसे बुडाले तरी.

एका गोष्टीत मायदेश पुढे आहे, आणि हे इथे कुणाला सांगितलं तर आश्चर्य वाटतं. भारतात डबीवर वापराची अंतिम तारीख छापावीच लागते. ब्रिटनमध्ये ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वस्तूवर तारीख नसली तरी चालतं. उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’, म्हणजे उघडल्यापासूनचे महिने, एवढंच असतं. पण आपल्याकडचा हा फायदा आर्टिस्ट स्वतःच्या हाताने घालवते: लिपस्टिक खोक्यातून काढून पॅलेटमध्ये वितळवली की तारीखही गेली आणि बॅचही. पॅलेटच्या मागे पट्टी चिकटवून दोन्ही लिहा, उघडल्याची तारीखसुद्धा. मस्कारा तीन महिन्यांनी टाका. मे महिन्यात बंद गाडीत तापलेलं किट तारखेच्या आधीच बिघडतं. तेल वेगळं झालेलं, वास बदललेलं काहीही चेहऱ्यावर नको.

मायदेशी मंगल कार्यालयातल्या नवरीच्या खोलीबद्दल इथल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत सापडणार नाही, म्हणून लिहितो. तिथले भिंतीवरचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे. २००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर खेचतो. त्यात मल्टीप्लग लावून रॉड, रिंग लाइट आणि कुणाचा तरी मोबाइल जोडला की प्लग वितळण्याची तयारी झालीच. ड्रायर आणि स्ट्रेटनर १६ अँपिअरच्या सॉकेटवर, एका वेळी एकच, आणि हे कार्यालयाला आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. वायर भिंतीकडून, नऊवारीच्या ओच्यात अडकणार नाही अशी. हेअर स्प्रे मारल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत निरांजन, होम जवळ नको.

यावर मायदेशी मैत्रिणींचा प्रतिवाद ठरलेला असतो: पहाटे चारला काम सुरू, नवरी, तिची आई, दोन करवल्या, चार मावश्या-आत्या, एवढ्या जणींचे ब्रश धुवायला वेळ कुठे? वेळ नाहीच, म्हणून त्या आठ जणींचे आठ संच न्यायचे, वापरलेला संच झिपच्या पिशवीत टाकायचा आणि घरी येऊन धुवायचा. इतके ब्रश नसतील तर डोळे आणि ओठांसाठी फेकून देता येणाऱ्या कांड्या, आणि त्यांचा खर्च दरात स्पष्ट लिहून. दर कमी पडतो हे खरं, पण तो वाढवायला पाच जणींनी एकाच गावात एकच दर लावणं उपयोगी पडेल, सर्टिफिकेट नाही.

ब्रिटनचं सगळं गोड आहे असंही नाही. काही बिघडेपर्यंत एकट्या आर्टिस्टकडे तपासायला कुणी येत नाही, आणि विमा न घेता मोबाइलवर जाहिरात करणाऱ्या इथेही पुष्कळ आहेत. कलम ३ सारखं कर्तव्य महाराष्ट्रात लिहिलं गेलं, तरी राबवायला माणसं लागतील. तोवर क्लास चालवणाऱ्यांनी एवढं करावं: सर्टिफिकेटच्या परीक्षेत स्मोकी आयला जितके गुण, तितकेच भरलेल्या वहीला आणि धुतलेल्या ब्रशला.

आणि त्रास झालाच, तर काय करायचं तेही वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. मेकअप लगेच सौम्य साबण-पाण्याने काढा, डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा, लेन्स काढा. खोटी पापणी ओढू नका. फोटो घ्या, वेळ लिहा, त्या वस्तूचा बॅच क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून नवरीच्या घरच्यांकडे द्या. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला किंवा श्वास लागला तर पार्लरमध्ये उपाय शोधत बसू नका: महाराष्ट्रात १०८, ब्रिटनमध्ये ९९९.