विकतचा आवाज

माणूस आधी पैसे मोजून फ्री-फ्लो, म्हणजे धुराला कमी अडवणारा सायलेन्सर बसवून गाडीचा आवाज वाढवतो आणि महिन्याभरात तोच आवाज घालवायला पुन्हा पैसे घेऊन निघतो. सागरी सेतूवर गाडीने जरा गुरगुरावं, एवढीच इच्छा असते. गाडी सेतूवर गप्प बसते आणि रात्री साडेअकराला सोसायटीच्या गेटपाशी, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला रे उचलला, की फटाक् करते.

मग निदानांना तोटा नसतो. तळमजल्याचे काका म्हणतात, "पेट्रोलात भेसळ." जिममधला मित्र म्हणतो, "भावा, रीमॅप मार, इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंगच बदल." गॅरेजवाला हात पुसत म्हणतो, "साहेब, इंजिन खोलावं लागेल." माझं या तिघांशीही जमत नाही. फटाके फ्री-फ्लो बसवल्यानंतर सुरू झाले असतील, तर आधी धुराच्या नळीचे सांधे बघावेत. शिंका येतात म्हणून कोणी छाती उघडत नाही.

त्याआधी एकच विचारायचं: आवाज कुठल्या टोकाला? एअर फिल्टरच्या डब्यातून आला तर तो खरा बॅकफायर. जुन्या मिक्सरवाल्या सीएनजी किटवर हा हमखास भेटतो, कारण तिथे गॅस अख्ख्या इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, भरलेला असतो; ठिणगी कमजोर पडली की डब्याचं झाकणच उडतं. आवाज मागून आला तर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात जळतंय. लोक दोन्हीला बॅकफायरच म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू.

आता मागच्या फटाक्याची गंमत. एक्झॉस्टमध्ये धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. दोन ठोक्यांच्या मधे पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि सैल सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हुंगतो आणि कॉम्प्युटरला कळवतो, "पेट्रोल कमी पडतंय." कॉम्प्युटर भोळा, तो पेट्रोल वाढवतो. पाय उचलला की उरलेलं पेट्रोल आणि ही चोरटी हवा गरम पाइपात भेटतात. इंजिन बिचारं निर्दोष, खोटी साक्ष नळीची.

साक्ष तपासायची ती सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप फुंकायच्या तोंडाला लावा, दुसरं टोक सायलेन्सरच्या नळकांड्यात घालून फट ओल्या फडक्याने बंद करा. (क्लीनर नेताना घरात कोणी विचारलं तर गाडी झाडायची आहे म्हणावं.) अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे घालून प्रत्येक सांध्यावर फवारा. फेस फुगेल तिथे चोर. इंजिन चालू ठेवून हे करायचा मोह झाला तर निदान तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिला संशय मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटवर, म्हणजे सांध्यातल्या चकतीवर, मग त्याखालच्या डाउनपाइपच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टच्या कडीवर, मग सेन्सर पाइपात बसतो त्या भोकाभोवतीच्या वेल्डवर. फ्लेक्स पाइपची, म्हणजे मधल्या लवचिक तुकड्याची, जाळी तर आपले खड्डे आणि स्पीडब्रेकरच खरवडून ठेवतात. सांध्यावर काजळीची काळी रेघ दिसली तर साबणाचीही गरज नाही. सेन्सरच्या खूप मागे, सायलेन्सरपाशी गळत असेल तर ती बहुतेक नुसतीच बोंबाबोंब. कॉम्प्युटर त्याने फसत नाही.

गॅस्केट नवीनच घाला. जुनं एकदा दबलेलं असतं, ते पुन्हा बसत नाही. बोल्ट आलटून पालटून आवळा, गाडी एकदा तापून पूर्ण थंड झाली की परत आवळा. त्याऐवजी कोणी लाल सीलंटची ट्यूब काढली तर हात धरा: ते साधारण ३०० अंशांपर्यंत टिकतं, मॅनिफोल्डपाशी त्याच्या दुप्पट तापमान सहज असतं.

एवढं करून फटाके राहिले तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, गाडी उभी असताना आयडलला +१० टक्क्यांच्या वर असेल आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर हवा कुठूनतरी शिरतेय. इनटेकची गळतीही नेमकं हेच दाखवते. म्हणून स्पार्क प्लग काढून बघावा. ट्रिम वाढलेला आणि तरीही प्लग काळाकुट्ट, म्हणजे पेट्रोल खरं तर जास्तच, तर चोर एक्झॉस्टमध्येच. पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये जळणं चुकल्याचा कोड दिसला, तर त्याची ठिणगी देणारी कॉइल तिसऱ्याला लावा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली. जोर देताना होणारा धमाका बहुधा या खात्यातला. पाय उचलल्यावरची बारीक पुटपुट मात्र चालायची. आधी ती कंपनीचा सायलेन्सर गिळत होता.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर त्याचा कोड पी ०४२० येतो, पीयूसी रडते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) १०,००० रुपयांपर्यंत दंड सांगतं. हवालदाराला फ्युएल ट्रिम समजावून सांगू नये.

कंपनीचा सायलेन्सर भंगारवाल्याला दिला नसेल तर पलंगाखाली ठेवा. त्याचे रबरी हँगर आणि बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून. सायलेन्सर कोणी हरवत नाही, हँगर दर वेळी हरवतात.