प्रेमदिनाच्या याद्या करणाऱ्यांनी एकदा तरी मध्यंतरानंतर थांबावे

प्रेमाच्या दिवशी पाहावयाच्या चित्रपटांची यादी जो कोणी करतो, त्याने जन्मात एकही चित्रपट मध्यंतरानंतर पाहिलेला नसणार, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका उरलेली नाही. ज्या अॅपचे वर्षभराचे पैसे आम्ही इमानेइतबारे आगाऊ भरतो, त्या अॅपने परवाच्या 14 फेब्रुवारीला 'जोडीदारासोबत पाहा' अशा लाल अक्षरांखाली, बदामाच्या चौकटीत, अग्रभागी कोणता चित्रपट मांडावा? सैराट!

चित्रपट उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. 2016 साली थिएटरातून बाहेर पडल्यावर घर येईपर्यंत रिक्षात माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. नागराज मंजुळे यांनी तो तसा व्हावा म्हणूनच केला आहे, पहिल्या भागातले ते सगळे गुलाबीपण शेवटी आपल्या अंगावर यावे म्हणूनच ठेवले आहे. पण यादी करणाऱ्या महाभागाला आर्ची बुलेटवरून येताना दिसली, विहीर दिसली, अजय-अतुलची व्हायोलिने ऐकू आली, आणि तेवढ्यावर त्याने बदाम चिकटवून दिला.

त्यातून त्या संध्याकाळी घरी भाची आणि तिचा नवरा जेवायला आलेले. जावई लखनौचा. दोघांनी घरच्यांच्या विरोधात जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न केले आहे, आणि माझी बहीण व मेहुणे आता कुठे त्यांच्याशी फोनवर बोलू लागले आहेत. गेल्याच आठवड्यात बहिणीने धाकट्या मुलाच्या हाती लेकीसाठी साडी आणि डिंकाचे लाडू पाठवले होते. ज्यांनी सैराट पाहिला आहे, त्यांच्या पोटात हे वाचून गोळा आला असेलच.

मी स्वयंपाकघरात कोथिंबीरवड्या तळत होते. बाहेर नवऱ्याने यादीतले पहिलेच नाव पाहून, 'गाणी छान आहेत' एवढ्या भांडवलावर, चित्रपट सुरू करून दिला. त्याला शेवट आठवत कसा नाही, असे कोणी विचारील. तर त्याने थिएटरातही मध्यंतरानंतर झोप काढली होती. मी ताटली घेऊन बाहेर आले तेव्हा जावई 'झिंगाट'ची वाट पाहत सरसावून बसला होता, कारण मित्रांनी दिलेल्या लग्नाच्या पार्टीत तो याच गाण्यावर नाचला होता. आता त्याला काय सांगून बंद करायचे? भाची माझ्याकडे आणि मी भाचीकडे पाहत राहिलो. जेवणासाठी मध्यंतरातच थांबू या, असे मी दोनदा सुचवले, पण जावईबापू आपल्या नव्या मराठीत आनंदाने म्हणाले, "नाही मावशी, आता पळाले ना ते, आता सगळं चांगलं होणार." पुढे हैदराबाद आले, बाळ झाले, आणि शेवटी भाऊ माहेरच्या पिशव्या घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आमच्या जावयाने हसत हसत बायकोकडे पाहिले आणि विचारले, "लाडू?"

यानंतरचा प्रकार मी त्या अॅपला या जन्मी माफ करणार नाही. शेवट दिग्दर्शकाने निःशब्द ठेवला आहे. मारल्या गेलेल्या आईबापांच्या रक्तात माखलेली बाळाची पावले उमटत जातात, आणि आपण श्वास रोखून बसतो. माणसाला तेवढा वेळ तर द्याल? छे. पडदा काळा होतो न होतो तोच चित्र आकसून कोपऱ्यात गेले, ढोल वाजवत कुठल्याशा विनोदी चित्रपटाची झलक सुरू झाली, खाली 'तुमच्यासाठी आणखी प्रेमकथा' अशी रांग उगवली, आणि पाच, चार, तीन असे आकडे उलटे धावू लागले. ते थांबवण्यासाठी मी रिमोट शोधेपर्यंत पडद्यावर प्रश्नही उमटला होता: 'तुम्हाला हे आवडले का?' उत्तरासाठी दोन अंगठे, एक वर आणि एक खाली. मला जे सांगायचे होते त्याला तिसरे बोट लागते, आणि ती सोय तिथे नव्हती.

आणि त्या रांगेत तरी काय होते? 'एक दूजे के लिए', 1981 पासून दोघेही मरतात. 'कयामत से कयामत तक', 1988 पासून दोघेही मरतात. 'टायटॅनिक'मध्ये नायकाबरोबर सुमारे दीड हजार माणसे बुडतात, आणि दरवर्षी कोणीतरी त्या फळीवर दोघे मावले असते की नाही याचा हिशेब मला नव्याने ऐकवतो. 'वीर-झारा'त बावीस वर्षे तुरुंग. 'दुनियादारी'चा शेवट कोणत्या सणाला साजेसा आहे, ते यादीवाल्यांनीच सांगावे. 'कासाब्लांका' तर या याद्यांत हटकून असतो. त्यात नायक प्रेयसीला तिच्या नवऱ्याबरोबर विमानात बसवून देतो आणि स्वतः धुक्यातून निघून जातो, तेही एका पोलीस अधिकाऱ्याच्या सोबतीने!

रात्री पाहुणे गेल्यावर मी संतापाच्या भरात कालनिर्णयच्या फेब्रुवारीच्या पानामागे स्वतःची यादी करायला घेतली. अटी अगदी माफक ठेवल्या होत्या: शेवटी दोघे जिवंत असावेत, एकत्र असावेत, आणि कोणी कोणाचा छळ केलेला नसावा. आवडीच्या नावांपासून सुरुवात केली. 'रोमन हॉलिडे' माझा जीव की प्राण, पण राजकन्या शेवटी राजवाड्यात परतते आणि तो एकटा चालत निघतो, तेव्हा खोडला. 'लंचबॉक्स' लिहिला आणि खोडला, कारण ती दोघे भेटतात की नाही हेच दाखवलेले नाही. 'ती सध्या काय करते' तर नावातच हरलेला. 'छोटी सी बात' मात्र मी ठणकावून लिहिला. अमोल पालेकर, विद्या सिन्हा, बसथांबा, सगळे कसे निर्मळ! त्यावर चष्म्यावरून पाहत नवरा म्हणाला, "तो रोज तिच्या मागे मागे ऑफिसपर्यंत जातो. आज कोणी केलं तर तूच पोलिसांत देशील." मध्यंतरानंतर झोपणाऱ्या माणसाने पहिला भाग इतका लक्षपूर्वक पाहावा, हे मला फार लागले, पण नियम माझाच होता. खोडला. यादीवाल्याच्या नावाने दिवसभर बोटे मोडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या यादीत ताटातूट, विरह आणि पाठलाग यांखेरीज काही निघत नव्हते, आणि नवऱ्याला त्याचे हसू आवरत नव्हते.

अखेर एकच नाव टिकले: 'मुंबई-पुणे-मुंबई', 2010. एक दिवस, दोन माणसे, अखंड वाद, शेवटी दोघेही धडधाकट, आणि ज्याला नकार द्यायला ती पुण्यात आली तो मुलगा हाच. चित्रपट त्या अॅपवर होताही, पण प्रेमकथांच्या रांगेत कितीही खाली गेले तरी सापडेना. शेवटी नाव टंकून शोधला, तेव्हा तो निघाला 'कौटुंबिक' या विभागात.