वीट लागली तरी मशीन थांबलं नाही

आमच्या गल्लीत रस्ता खणणाऱ्या मुकादमाला परवा सकाळी नऊ वाजता मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. हात करून दाखवलं होतं. "दादा, या कडेने पाण्याची लाइन आहे. आणि माझ्या गिरणीच्या पायरीपासून चार फुटांवर विजेची केबल आहे, वर विटा अंथरल्यात. विटा लागल्या की मशीन थांबवा, पुढे हाताने खणा." त्याने काय उत्तर द्यावं? "मावशी, साहेबांनी मार्किंग दिलंय. तुम्ही तुमचं दळण बघा."

अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं दळण बंद पडलं.

दिवाळी आठवड्यावर आलीय. रांगेत चौतीस डबे होते, त्यातले एकवीस चकलीच्या भाजणीचे. अर्धा डबा चक्कीत पडला होता आणि मोटरचा आवाज बदलला. थ्री फेजची मोटर ज्याने चालवलीय त्याला तो आवाज झोपेतही कळेल. एक फेज गेला की मोटर घुमायला लागते, तापते आणि बघता बघता वाइंडिंग जळतं. मी स्टार्टरकडे धावले, तोवर मोटर वाचवणाऱ्या प्रिव्हेंटरने लाइन तोडली होती. तो प्रिव्हेंटरही मी 2019 साली माझ्या पैशांनी बसवला, कारण तेव्हा असल्याच एका खोदाईत माझी मोटर जळली होती. रिवाइंडिंगचा एक रुपया कोणी दिला नाही. अर्ज केला, त्याची पोचसुद्धा मिळाली नाही.

बाहेर येऊन बघते तर चरात पाणी उसळतंय आणि मशीनच्या बकेटच्या दातात केबल लटकतेय. वरचं काळं आवरण सोललेलं, आतल्या अॅल्युमिनियमच्या तारा पिंजून बाहेर आलेल्या. मातीच्या ढिगावर तुटलेल्या विटा पडल्या होत्या, लालभडक, ताज्या तुटलेल्या. मी पावलं टाकून मोजलं. पहिली वीट निघाली तिथपासून केबल तुटली तिथपर्यंत बारा फूट. बारा फूट तो माणूस विटा उपसत होता! एकदाही त्याला थांबावंसं वाटलं नाही?

केबलवर विटा कशाला घालतात? पुढे कधी कोणी खणलं तर पहिला घाव विटेवर बसावा आणि खणणाऱ्याने हात आवरावा, एवढ्यासाठीच. ज्याने केबल टाकली त्याने नंतर येणाऱ्यासाठी ठेवलेला निरोप आहे तो. तो निरोप वाचायला नकाशा लागत नाही, डोळे लागतात. आणि मुकादम मलाच सांगतो, "नकाशात लाइन नव्हती." अहो, नकाशात नसेल, पण मी तोंडाने सांगितली होती ना!

आणि खरा संताप मला ज्याचा आला ते वेगळंच आहे. चरात एक पोरगा उभा होता, वीस वर्षांचाही नसेल. अनवाणी. पाणी घोट्याच्या वर आलेलं आणि तुटलेली केबल त्याच्यापासून दोन हातांवर. डीपीतला फ्यूज वेळेत उडाला म्हणून तो आज जिवंत आहे. त्याच्या पायात गमबूट नाहीत, हातात मोजे नाहीत, आणि त्याला चरातून बाहेर यायला ओरडून सांगितलं ते मी. मुकादम फोनवर बोलत होता.

लाइनमन तीनला आले. बिचारे काय करणार? चर काठोकाठ भरलेला, आणि केबलचा जॉइंट ओल्यात मारता येत नाही, कोरडी जागाच लागते. म्हणजे आधी पाणी बंद करा. पाण्याचा चावीवाला पाचला आला, तर गल्लीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह सापडेना. का सापडेना? मार्चमध्ये डांबरीकरण झालं तेव्हा झाकणावरूनच रोलर फिरवला! तेव्हाही मी सांगितलं होतं, झाकण वर उचलून घ्या. छिन्नी-हातोड्याने डांबर फोडून झाकण काढेपर्यंत साडेसात वाजले. प्यायचं पाणी आठ तास गटारात वाहून गेलं. वीज आली ती काल रात्री पावणेदहाला.

तोपर्यंत बायका आपापले डबे परत घेऊन गेल्या. भाजणी एकदा भाजली की लगेच दळावी लागते, ठेवली की सादळते. तांदूळ, हरभराडाळ, उडीद, मूग, पोहे, धने, जिरे वेगवेगळं निवडून, मंद आचेवर भाजायला एका बाईची अख्खी सकाळ जाते. समोरच्या आजींनी गुडघे दुखत असताना चार किलो भाजली होती. त्यांनी डब्यात हात घालून दाणे चोळून बघितले आणि काही न बोलता झाकण लावलं. हे नुकसान ठेकेदाराच्या कुठल्या बिलात धरतात, सांगा मला.

मार्चमध्ये केलेला रस्ता ऑक्टोबरमध्ये फोडायचा, त्याआधी फुटपाथचे चांगले ब्लॉक काढून नवे घालायचे, मग इंटरनेटवाल्यांनी येऊन तेच ब्लॉक उखडायचे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. सोय नाही असं कोणी म्हणू नका. 2023 च्या मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी अॅप खुद्द पंतप्रधानांनी सुरू केलं. कुठे खणणार ते त्यात टाकायचं, तिथे ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना निरोप जातो. न विचारता केलेल्या खोदाईने देशाचं वर्षाला 3000 कोटींचं नुकसान होतं, हे त्या वेळी सरकारनेच सांगितलं. मी मुकादमाला विचारलं, अॅपवर टाकलं होतं का? त्याने ते नावच ऐकलं नव्हतं.

आता पाण्याचं. लाइन जोडली म्हणतात, पण आज सकाळी नळाला आलं ते चहाच्या रंगाचं. आमच्याकडे पाणी अधूनमधून बंद केलं जातं. तेव्हा पाइप रिकामा असतो, आणि सांधा नीट बसला नसेल तर चरातलं घाण पाणी आत ओढलं जातं. चराच्या दुसऱ्या अंगाला ड्रेनेजची लाइन आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले, तेव्हा घराघरात पाणी उकळून पीत होतो आपण. इतक्यात विसरलो? सांधा तपासल्याशिवाय आज दुपारी त्यांनी चर बुजवायला घेतला. मी आणि शेजारच्या दोघी चराच्या काठावर उभ्या राहिलो, तेव्हा काम थांबलं. "बायकांनी काम अडवलं" असं मुकादम फोनवर सांगत होता. हो, अडवलं.

उद्या समोरच्या बाजूची खोदाई आहे. तिथून गॅसची पिवळी लाइन गेलीय, कोपऱ्यावर खूण म्हणून खांबही रोवलेला आहे. त्या बाजूला बालवाडी आहे. मी सकाळी सातला तिथे जाऊन उभी राहणार. आधी दोन माणसं कुदळ-फावडं घेऊन हाताने खड्डा घेतील, पिवळा पाइप मला डोळ्यांनी दिसेल, गॅसवाल्यांचा माणूस शेजारी उभा असेल, मगच मशीन सुरू होईल. गल्लीतल्या ज्यांना जमेल त्यांनी या. गिरणी उद्या दहानंतर उघडेल.