पपईच्या रसानं ब्लड कॅन्सर बरा होतो? तो मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. म्हणे प्लेटलेट कितीही कमी असू देत, अगदी ब्लड कॅन्सर असू दे, पपईच्या पानांचा रस आणि गव्हांकुर 21 दिवस घ्या, दवाखान्यात केमोच्या नावाखाली विष देतात, माणूसही जातो आणि शेतही जातं. माझ्या मावसबहिणीला एपीएल झालेला, म्हणजे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा दुर्मिळ प्रकार, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी पपईचं बघू. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि ताप उतरल्यावर काही दिवसांनी बहुतेकांच्या आपोआप चढतात, रस प्या नाहीतर नका पिऊ, आणि श्रेय मात्र पपईला मिळतं. एपीएलमध्ये आपोआप काही चढत नाही. बोनमॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, कच्च्या पेशींनी भरलेला असतो, नवीन प्लेटलेट बनतच नाहीत, वर त्या पेशींमुळं रक्त गोठायची सगळी यंत्रणाच बिघडते. हिरड्यांतून रक्त, मांडीवर काळेनिळे डाग, बीपीचा पट्टा सोडला तर दंडावर बारीक लाल ठिपके उठलेले, हे मी डोळ्यानं बघितलंय, आणि पावसाळा नुकताच संपलेला म्हणून घरात सगळे डेंग्यूच धरून बसलेले. या आजारात जे जातात त्यातले बरेचसे सुरुवातीच्या काही दिवसांतच जातात, मेंदूत नाहीतर फुफ्फुसात रक्तस्राव होऊन. म्हणून मला त्या मेसेजमधलं “21 दिवस” सगळ्यात भयंकर वाटतं. नुसता संशय आला तरी जेनेटिक रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टर गोळी चालू करतात, इतकी घाई असते.

ती गोळी म्हणजे एट्रा. व्हिटॅमिन ए च्या जातीतलं औषध आहे (म्हणून गाजर खाऊन भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका). 1980 च्या दशकात शांघायच्या डॉ. वांग झेन-यी यांनी ते या आजारात वापरलं. कच्च्या पेशींना मारण्याऐवजी ते त्यांना पिकवतं, म्हणजे त्या नॉर्मल पेशींसारख्या वाढतात आणि आपला काळ संपवून जातात. पांढऱ्या पेशी 10,000 च्या आत असतील तर एट्रा आणि आर्सेनिक एवढ्यावरच, नेहमीची केमो न देता, उपचार होतात. 2013 साली इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांचा अभ्यास आला, त्यात अशा पेशंटपैकी 97 टक्के 2 वर्षांनी आजार न उलटता जिवंत होते. पेशी 10,000 च्या वर असतील तर जोडीला केमो लागते, ती नाकारू नका.

आता विषाचं. हो, आर्सेनिक विषच आहे, ते कुणी लपवत नाही. पण इथं ते वजनावर मोजून सलाईनमधून देतात, अधूनमधून ईसीजी काढतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासतात. सोमलाची (म्हणजे आर्सेनिकचीच) पुडी किंवा होमिओपॅथीतल्या आर्सेनिक अल्बमच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या म्हणजे हे औषध नव्हे. उपचार चालू असताना ताप, दम, अचानक वजन वाढणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात फोन करा, त्यावर स्टिरॉइड लगेच द्यावं लागतं.

शेत विकायचं म्हणाल तर ती भीती खोटी नाही, खर्च मोठाच असतो. पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डवालेसुद्धा येतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा, रेशनकार्ड-आधार दाखवा आणि या आजाराचे उपचार इथं योजनेत बसतात का ते स्पष्ट विचारा. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं ठरलं तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ आहे, महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगली, कराड, साताऱ्याहून रात्रीत मुंबईला पोचवते. आणि पहिल्यांदाच झालेल्या एपीएलला औषध लागू पडलं तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट लागत नाही, त्यामुळं ते लाखांचे आकडे ऐकून आधीच हाय खाऊ नका.

ग्रुपवर खरंच काही पाठवायचं असेल तर प्लेटलेट देणाऱ्यांची नावं पाठवा. पिशवी 5 दिवसच टिकते, साठवून ठेवता येत नाही, आणि पेशंटला सुरुवातीला वारंवार लागते. मशीनवर प्लेटलेट देणाऱ्याला तास-दीड तास बसावं लागतं, आणि आधीचे 3 दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही.